आतल्या खोलीतला कवडसा

माझ्या खालच्या तोंडाशी एकोणीस ठिपके आहेत. प्रत्येकाचा व्यास तीन मिलिमीटर. ऊन असताना त्यांतले बारा उजळतात आणि सात काळे राहतात. वरच्या टोकाला हे सातही एकमेकांना चिकटून, एकाच बाजूला होते. पण चौदा मीटरच्या वाटेत आम्ही एकमेकींत गुंतत गेलो, म्हणून खाली ते कसेही विखुरलेले दिसतात. पाहणाऱ्याला वाटते, कुणीतरी सुईने टोचून मधलेच ठिपके विझवले.

मित्रांनो, मी प्लास्टिकच्या प्रकाशतंतूंची एक जुनी जुडी आहे. माझे एक टोक पुण्यात, नाना पेठेतल्या एका चार मजली इमारतीच्या गच्चीवर आहे आणि दुसरे तळमजल्यावरच्या आतल्या खोलीत. मधली सगळी मी एका बंद पडलेल्या लोखंडी नळात आहे. तिथे मला काहीच दिसत नाही. जे कळते ते फक्त दोन टोकांना.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तापवलेल्या पारदर्शक प्लास्टिकचे लांब तंतू ओढले, आणि प्रत्येकावर दुसऱ्या प्लास्टिकची पातळ साल चढवली. या सालीतच सगळी करामत आहे. आत शिरलेला उजेड कडेला जाऊन आदळतो आणि बाहेर पडण्याऐवजी परत आत फिरतो. पुन्हा दुसऱ्या कडेला आदळतो, पुन्हा फिरतो. लोक म्हणतात, मी उजेड वाहून नेते. खरे सांगायचे तर मी त्याला अडकवते आणि सुटायला एकच वाट ठेवते.

काही वर्षे मी एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, कपाटाच्या खालच्या फळीवर वेटोळे घालून पडले होते. तिथे भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या पद्मजाबाई मला वर्षातून एकदा बाहेर काढत, मुलांना दाखवत आणि परत ठेवत. पुढे नवी उपकरणे आली. भंगाराच्या यादीत माझे नाव लागले, तेव्हा त्यांनी रीतसर अर्ज करून मला मागून घेतले. मागण्याचे कारण होते एक कोट.

ती हकीकत मी त्यांच्याच तोंडून ऐकली. नाना पेठेत शमशुद्दीनभाईंचे रफूचे दुकान आहे. कपड्याला भोक पडले, उंदराने कुरतडले, खिळ्याला अडकून फाटले, की त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतले धागे काढून ते भोक असे विणायचे की पुन्हा सापडू नये, हे त्यांचे काम. पद्मजाबाईंनी लोकरी कोट दिला होता. चार दिवसांनी त्या तो घेऊन परत आल्या.

"शमशुद्दीनभाई, तुमचं रफू ट्यूबलाइटखाली अजिबात दिसत नाही," त्या म्हणाल्या. "पण मी हा कोट ट्यूबलाइटखाली उभं राहायला घेतलेला नाही. सकाळी फिरायला जाताना घालते."

शमशुद्दीनभाईंनी कोट डोळ्यांपाशी नेला. "रंग तर तोच आहे, बाई."

"तोच आहे, घरात. जरा पायरीवर या."

पायरीवर ऊन होते. तपकिरी कोटावर नखाएवढा हिरवट चौकोन स्पष्ट उठून दिसत होता.

"दुकानात एवढं लख्ख ऊन येतं," पद्मजाबाई म्हणाल्या. "इथे बसून काम केलं असतं तर रंग चुकलाच नसता. हे केलंत कुठे?"

तेवढ्यात मागच्या पडद्याआडून आवाज आला, "आत केलंय, ताई. चूक माझी आहे. द्या, उसवून पुन्हा करते."

ती रझिया, त्यांची मुलगी. तेव्हा तिशीची होती. वडिलांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरू लागला होता, आणि दुकानात येणारे सगळे काम दोन वर्षे तीच करत होती. हे घराबाहेर कुणाला माहीत नव्हते.

तो पडदा धर्माचा नव्हता, मित्रांनो, धंद्याचा होता. रझियाची आई, खातूनबी, हयात असताना पुढच्या गादीवर बसूनच गिऱ्हाइकांशी बोलत असे. पण रफूच्या कामावर कुणाची सही नसते. जितके काम चांगले तितके ते दिसत नाही. मग गिऱ्हाईक भरवसा ठेवते तो फक्त नावावर, आणि नाव शमशुद्दीनभाईंचे होते. म्हणून ते पुढे बसत, मांडीवर कापडाचा एक जुना तुकडा घेत, आणि कुणी पायरी चढले की त्यावर सुई चालवू लागत. त्या सुईत दोरा नसे.

"हात बदलला असं कळलं, तर लोक दुसरीकडे जातील," ते पद्मजाबाईंना म्हणाले. "आणि कायमचं थोडंच आहे? ऑपरेशन झालं की मीच बसणार आहे."

"कधी आहे ऑपरेशन?"

"थंडी सरली की."

आतल्या खोलीला एक खिडकी होती. पण शेजारी नवी इमारत तीन फुटांवर येऊन उभी राहिल्यापासून त्या खिडकीतून फक्त गिलावा दिसे. पद्मजाबाईंनी खोली पाहिली, खिडकी पाहिली, छताच्या कोपऱ्यातून वर जाणारा बंद नळ पाहिला. मग पर्समधून टेप काढून त्या मोजू लागल्या. पुढच्या रविवारी मला रिक्षात घालून आणले गेले.

मला नळात सोडायला मकसूद प्लंबर आला. नळाच्या वळणापाशी तो मला दामटू लागला, तेव्हा पद्मजाबाईंनी त्याचा हात धरला. वितीपेक्षा लहान वळण मला सोसत नाही. तिथे उजेड साल फोडून गळतो. मकसूदने मुकाट्याने वळण कापून रुंद केले. "चाळीस वर्षं कनेक्शनं देतोय," तो म्हणाला, "उन्हाचं पहिलंच."

गच्चीवर हातभर रुंदीचे एक चपटे भिंग बसवले. ते ऊन गोळा करून माझ्या वरच्या तोंडावर पाडणार. तोंडापुढे उष्णता अडवणारी एक काच. राहिला प्रश्न सूर्याचा. तो एका जागी थांबत नाही, आणि भिंग दहा मिनिटे मागे राहिले तरी उजेडाचा ठिपका माझ्या तोंडावरून सरकतो. त्यावर उपाय निघाला चौथ्या मजल्यावर. तिथे टपाल खात्यातून निवृत्त झालेले अनंतराव राहत होते, आणि त्यांच्याकडे वडिलांचे चावीचे घड्याळ होते. पद्मजाबाईंनी त्या घड्याळाला दोन चक्रे जोडून भिंग फिरवायला लावले.

"रोज दोन मिनिटं मागे पडतं हो," अनंतराव म्हणाले. "सूर्याला चालेल का?"

"तुम्ही रोज सकाळी लावलंत तर चालेल."

"म्हणजे पेन्शनीत पुन्हा हजेरी आली."

पण हे घड्याळ आपल्या मनगटावरच्या वेळेने लावून भागत नव्हते. पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही. कधी बारा वाजून अठरा मिनिटांनी, कधी बारा एकोणपन्नासला, दर आठवड्याला थोडा वेगळा. पद्मजाबाई कागदावर गणित मांडू लागल्या, तेव्हा शमशुद्दीनभाई हसले.

"बाई, ते आमच्या भिंतीवर छापलेलं आहे."

नमाजाच्या वेळांचा तक्ता होता तो. सूर्योदय, सूर्य माथ्यावरून ढळण्याची वेळ म्हणजे जवाल, सूर्यास्त, असे वर्षातल्या प्रत्येक तारखेला. पद्मजाबाईंनी आपला आकडा त्याच्याशी ताडून पाहिला. एका मिनिटाचा फरक आला. त्यांनी पुन्हा बेरीज केली. "तुमचा बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "हातचा मी विसरले."

तेव्हापासून रीत पडली. दर शुक्रवारी शमशुद्दीनभाई तक्त्यावरून जवालची वेळ चिठ्ठीवर लिहून वर पाठवत, आणि अनंतराव सूर्याच्या घड्याळात त्या वेळेला बारा वाजतील असे काटे लावत.

पहिल्या दिवशी खोलीत कवडसा पडला, तेव्हा रझिया किती तरी वेळ त्यात नुसते हात धरून बसली. मग तिने धाग्यांचा डबा आणून त्यात उपडा केला. पद्मजाबाईंनी तिला माझा दोषही सांगून ठेवला. इतक्या लांबून येताना लाल रंग माझ्यात थोडा विरतो, उजेडाला हिरवट झाक येते. म्हणून रझिया शेजारी पांढऱ्या मांजरपाटाचा तुकडा ठेवी आणि त्याच्याशी पडताळून डोळा सुधारून घेई. लाल कपडा आला, की सकाळी सातला, गल्ली जागी होण्याआधी, पायरीवर जाऊन ती धागे निवडे आणि परत आत येई.

माझे खूप कौतुक झाले. हडपसरहून, वाघोलीहून कपडे येऊ लागले. शमशुद्दीनभाईंचा हात म्हातारपणी आणखी साफ झाला, असे लोक म्हणत. पडद्याआड रझिया हे ऐके आणि दोरा दाताने तोडे.

पद्मजाबाई महिन्यातून एकदा भिंग पुसायला येत. जाताना खोलीत डोकावत.

"पुढे बसायचं ठरलं का?"

"ईद होऊ दे, ताई." पुढे, "लग्नसराई सरू दे." मग, "अब्बांचं ऑपरेशन होऊ दे, एकदमच सांगू सगळ्यांना." आणि ऑपरेशन थंडीनंतर उन्हाळ्यावर, उन्हाळ्यानंतर पावसाळ्यावर जाई.

"तुझं कॅलेंडर फार लांबलचक आहे गं," पद्मजाबाई एकदा म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून हळू आवाजात, "हे बसवलं नसतं तर अंधाराला कंटाळून तू कधीच बाहेर आली असतीस."

रझियाने सुई थांबवली नाही. पण मी ते ऐकले. तोवर मला वाटत होते, मी तिच्यासाठी ऊन आत आणते. त्या दिवशी समजले, की माझ्यामुळेच तिला आत ठेवणे सोपे झाले आहे. वडिलांना निर्णय नको होता, तिला वडिलांचे मन मोडायचे नव्हते, आणि दोघांच्या मध्ये मी रोज दहा वाजता न चुकता उजळत होते. मला थांबता येत नव्हते. ज्याच्यात ऊन शिरते त्याने ते पुढे द्यायचे, एवढेच मला येते. सहा वर्षे मी नळात होते आणि ती खोलीत. चौदा मीटर मी आणि दहा फूट ती.

मग जानेवारी आला. भिंतीवर नवा तक्ता लागला, आणि त्याचे छापलेले आकडे मागच्या वर्षीपेक्षा बारीक निघाले. पहिल्या शुक्रवारी शमशुद्दीनभाई वाचायचे छोटे भिंग हातात घेऊन तक्त्यापुढे उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. रझिया आत होती. हाक मारली असती तर तिने क्षणात वाचून दाखवले असते. त्यांनी हाक मारली नाही. चिठ्ठी वर गेलीच नाही.

अनंतरावांनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. एवढ्याशा गोष्टीसाठी म्हाताऱ्याला कशाला तंगवायचे, असे म्हणून ते स्वतःच कोपऱ्यावरच्या मशिदीपर्यंत गेले आणि फळा वाचून आले. फळ्यावर दुपारच्या नमाजापुढे दीड लिहिले होते. दुपारची नमाज सूर्य ढळल्यावर होते, एवढे त्यांना ठाऊक होते. पण फळ्यावरची वेळ जमातीची असते, सगळ्यांनी एकत्र उभे राहण्याची. ती सोयीने ठरते आणि महिनोन्‌महिने बदलत नाही. खरा जवाल त्या दिवशी बारा एकोणचाळीसला होता. मागच्या आठवड्यापेक्षा एवढा फरक कसा, असे अनंतरावांच्या मनात आलेही. पण छत्तीस वर्षे नोकरी केलेला माणूस. फळ्यावर लेखी आहे म्हटल्यावर त्यांनी शंका काढली नाही. शनिवारी सकाळी, गच्चीवर अजून शेजारच्या इमारतीची सावली असताना, त्यांनी काटे लावले आणि ते खाली उतरले.

त्या शनिवारी रझियापुढे एक शालू होता. वारज्याच्या सुहासिनीबाईंच्या आईचा, लग्नातला, डाळिंबी रंगाचा. आईची पंच्याहत्तरी दुसऱ्या दिवशी होती आणि तिला तोच नेसायचा होता. पदराजवळ रुपयाएवढे भोक होते. शालू आदल्या रात्री आला, आणि सकाळी पायरीवर धुके होते; त्यात धाग्याचा रंग लागेना, म्हणून या खेपेला कवडशातच, मांजरपाटाशी पडताळून, निवडायचा असे तिने ठरवले. आतल्या शिवणीतले धागे कधी उन्हात गेलेले नव्हते, ते गडद होते. पदर पन्नास वर्षांत फिकटला होता. डब्यात डाळिंबीच्या सहा छटा होत्या आणि त्यांतली एकच बरोबर होती. तीन वाजता सुहासिनीबाई येणार होत्या.

दहा वाजले. कवडसा पडला नाही. रझियाने वर पाहिले, ढग असतील असे समजून ट्यूबलाइट लावली आणि ताणा, म्हणजे उभे धागे, शिवणीतल्याच गडद धाग्यांनी भरायला घेतला; वर दिसतो तो आडवा धागा, त्याचा रंग ऊन आल्यावर निवडायचा होता.

ढग नव्हते, मित्रांनो. भिंग सूर्याच्या मागे राहिले होते, आणि गोळा झालेले ऊन माझ्या तोंडावर न पडता शेजारी, मी जिथे वाकून नळात शिरते तिथे पडत होते. तिथे उष्णता अडवणारी काच नव्हती. आधी माझ्यावरचे रबरी आवरण वितळले, मग आमच्यातल्या सात जणी. ज्या उन्हासाठी मी जन्मभर तोंड उघडून बसले होते, तेच मला कुशीत जाळत होते आणि मला हलता येत नव्हते. दुपारी जळका वास चौथ्या मजल्यावर गेला तेव्हा अनंतराव धावत आले आणि भिंगावर त्यांनी आपला पंचा टाकला.

इथे एक विनंती करते. वस्तू नीट चालत असली की माणसे तिच्याकडे पाहणे सोडतात. माझी काच पुसत जा, घड्याळ नीट लावत जा, हे तर आहेच. पण जी वस्तू तुमची अडचण रोज थोडी सुसह्य करते, तिच्याकडे अधूनमधून संशयानेही पाहा. ती अडचण मिटवते आहे की नुसती लांबवते आहे, हे तिला स्वतःला सांगता येत नाही.

अनंतराव पंचा गुंडाळत खाली आले. "शमशुद्दीनभाई, मी मशिदीचा फळा वाचून लावलं. चिठ्ठी का नाही आली हो?"

शमशुद्दीनभाईंनी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिले. "दिसलं नाही," ते म्हणाले. "वाचता नाही आलं."

"मग पोरीला विचारायचं!"

पडद्याआड रझिया उठून उभी राहिली होती. तिच्या एका हातात शालू होता आणि दुसऱ्यात सहा रिळे. ट्यूबलाइटखाली सहाही रिळे एकसारखी दिसत होती. अडीच वाजून गेले होते.

तिने पडदा बाजूला केला आणि खिळ्याला अडकवून टाकला. मग ती पुढे गेली आणि गादीवर, वडिलांच्या शेजारी, उन्हात बसली.

तेव्हा एक गोष्ट घडली जी माझ्या आयुष्यात कधी घडली नव्हती. दुकानाचा उजेड दारातून सरळ खोलीत आला आणि माझ्या खालच्या तोंडात शिरला. उरलेल्या बारा जणींतून तो उलटा वर गेला. मी तोही अडकवला आणि गच्चीवर नेऊन सोडला.

रझियाने दोन मिनिटांत रीळ निवडले. तीनला सुहासिनीबाई पायरी चढल्या आणि थांबल्या. शालू कुणाच्या मांडीवर आहे ते त्यांनी पाहिले. मग शमशुद्दीनभाईंच्या हातातली सुई पाहिली. या खेपेला ती हलत नव्हती.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "हे तुम्ही करताय? मग भाई काय करतात?"

"मी बघतो," शमशुद्दीनभाई म्हणाले. मग सुई खाली ठेवून म्हणाले, "बघत होतो."

"माझी काश्मिरी शाल? यांची शेरवानी?"

"सगळं तिनंच केलंय. आठ वर्षं."

"वा! म्हणजे आईचा शालू आपण कुणाच्या हाती दिला, ते आम्हाला आज कळायचं."

रझिया मान खाली घालून शेवटचे टाके घेत होती. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तिने दोरा तोडला, शालू झटकला आणि सुहासिनीबाईंच्या हातात दिला.

सुहासिनीबाई तो घेऊन पायरीवर गेल्या. पदर उन्हात धरला, उलटा केला, बोट फिरवले. चष्मा काढून पुन्हा पाहिले. "भोक नक्की कुठे होतं?"

"सापडलं तर सांगा," रझिया म्हणाली. "पुन्हा करून देईन."

बाईंनी आणखी मिनिटभर शोधले. मग शालूची घडी घातली. "पुढच्या आठवड्यात यांचा सूट आणणार आहे. आल्यावर हाक कुणाला मारायची, तेवढं ठरवून ठेवा म्हणजे झालं."

शमशुद्दीनभाईंनी सवयीने हात मागे केला. पडदा जिथे असायचा तिथे त्यांचा हात हवेतच राहिला. "रझिया, झालं असेल तर आत—"

"आत नाही, अब्बा." रझियाने सहाही रिळे गोळा करून आपल्या पुढ्यात, उन्हात ओळीने मांडली. "आजपासून मी इथेच बसणार. ताई, हाक रझियाला मारायची."